न्यायासनावरून विचारलेला प्रश्न : नवनीतम पिल्लै आणि अकायेसू खटला

कायद्याच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरता वाचतात. करारांची नावे, कलमांचे आकडे आणि सनावळ्या पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि तेथेच राहतात. या कायद्यामागे हाडामांसाची माणसे आहेत, कोणीतरी न्यायासनावर बसून साक्ष ऐकली आहे, विचार केला आहे, प्रसंगी चूकही केली आहे, हे पाठ्यपुस्तकातून सहसा जाणवत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधीश म्हटले की आपल्याकडे एकच नाव आठवते, ते राधाविनोद पाल यांचे. टोकियो येथील खटल्यात १९४८ साली सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे स्वतंत्र निकालपत्र त्यांनी लिहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु पाल यांच्यानंतर अर्ध्या शतकाने भारतीय वंशाच्याच एका स्त्रीने या कायद्याला जे वळण दिले, त्याची माहिती फारच थोड्यांना आहे. त्या स्त्रीचे नाव नवनीतम पिल्लै. जग त्यांना नवी पिल्लै या सुटसुटीत नावाने ओळखते.

प्रस्तुत लेखात त्यांचे संपूर्ण चरित्र देण्याचा हेतू नाही. त्यांच्या कारकीर्दीच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आरोपपत्रात नसलेल्या गोष्टीविषयी न्यायाधीशाने साक्षीदारास प्रश्न विचारावा काय? विचारला तर तो निःपक्षपाती राहतो काय? आणि विचारला नाही तर?

डर्बनची मुलगी

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात १८६० च्या नोव्हेंबरात हिंदी मजुरांचे पहिले जहाज लागले. उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधून नेलेले हे मजूर होते. मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून पुढे पन्नास वर्षे ही मनुष्यांची निर्यात चालू राहिली. १९१० साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी होणारी ही भरती थांबविण्याचा ठराव मांडला आणि १९११ मध्ये ती बंद झाली. १९१२ साली गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील हिंदी लोकांची स्थिती पाहून आले. हा इतिहास आपल्याला गांधीजींच्या संदर्भात माहीत असतो. परंतु गांधीजी १९१४ मध्ये तेथून निघाल्यावर मागे राहिलेल्या त्या समाजाचे पुढे काय झाले, याकडे आपण क्वचितच पाहतो.

त्या समाजातील एका तामिळ कुटुंबात २३ सप्टेंबर १९४१ रोजी डर्बन येथे नवनीतम यांचा जन्म झाला. वडील बसचालक होते. लहानपणची एक आठवण त्यांनी सांगितली आहे. त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांच्या पगाराचे पाच पौंड त्यांच्याजवळून चोराने लांबविले. खटला झाला, त्या चिमुरडीने न्यायालयात उभे राहून साक्ष दिली, चोराला शिक्षा झाली. पण घरात पैसे काही परत आले नाहीत. शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हा धडा पुस्तकाआधी त्यांना आयुष्याने दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

शाळेत असतानाच मुलांना मानवी हक्कांचे शिक्षण देण्यातील स्त्रियांच्या वाट्याविषयी त्यांनी लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. हुशार मुलगी पैशावाचून मागे पडू नये म्हणून आसपासच्या हिंदी लोकांनी वर्गणी काढली आणि तिला विद्यापीठात पाठविले. नाताळ विद्यापीठातून १९६३ साली बी. ए. आणि १९६५ साली एल्एल्. बी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या. गोऱ्यांचे आणि इतरांचे वर्ग तेव्हा वेगळे भरत असत.

पदवी हाती आली, पण नोकरी कोण देणार? गोऱ्या वकिलांच्या कार्यालयात हिंदी स्त्रीला घेतले, तर तेथील गोऱ्या कर्मचाऱ्यांना तिच्या सूचना ऐकाव्या लागल्या असत्या, आणि हे त्या समाजरचनेत बसत नव्हते. म्हणून १९६७ साली त्यांनी स्वतःचेच कार्यालय उघडले. नाताळ प्रांतात स्वतःची वकिली सुरू करणाऱ्या त्या पहिल्या श्वेतेतर स्त्री होत. पुढे अठ्ठावीस वर्षे त्यांनी वकिली केली, आणि या काळात वर्णामुळे न्यायाधीशांच्या दालनात पाऊल टाकण्याची त्यांना मुभा नव्हती.

कायद्याच्या विरुद्ध कायदा

अन्यायी राजवटीत कायद्याचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. पिल्लै यांच्या वकिलीत याचे उत्तर सापडते. दक्षिण आफ्रिकेच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलीस कोणालाही चौकशीविना अनिश्चित काळ डांबून ठेवू शकत. १९७१ साली त्यांचे पती, जे स्वतःही वकील होते, त्यांना अशाच प्रकारे स्थानबद्ध करण्यात आले. पिल्लै यांनी न्यायालयात धाव घेतली आणि चौकशीत बेकायदा मार्ग वापरण्यास पोलिसांना मनाई करणारा हुकूम मिळविला. कायदा रद्द करणे त्यांच्या हाती नव्हते; परंतु त्याच कायद्याच्या चौकटीत मारहाणीला मुभा नाही, एवढे तरी न्यायालयाकडून वदवून घेणे शक्य होते. १९७३ साली रॉबेन बेटावरील राजकीय कैद्यांना वकिलाची भेट घेण्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. त्या कैद्यांत नेल्सन मंडेला होते.

पुढे हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९८२ मध्ये एल्एल्. एम्. आणि १९८८ मध्ये डॉक्टरेट घेतली. विधिशास्त्रात हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या दक्षिण आफ्रिकी व्यक्ती होत. घरात छळ होणाऱ्या स्त्रियांना सल्ला व आसरा देणाऱ्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. १९९५ साली, वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर, राष्ट्राध्यक्ष मंडेला यांनी त्यांना उच्च न्यायालयात नेमले. त्या न्यायालयात बसणाऱ्या त्या पहिल्या श्वेतेतर स्त्री होत्या. न्यायाधीशाच्या दालनात आपण प्रथम शिरलो ते आपल्या स्वतःच्याच दालनात, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांची रवांडाविषयक न्यायाधिकरणावर निवड केली आणि त्यांच्या आयुष्याचा नवा अध्याय सुरू झाला.

रवांडा आणि आरुशा

रवांडा हा मध्य आफ्रिकेतील लहानसा डोंगराळ देश. हुतू हे बहुसंख्य, तुत्सी हे अल्पसंख्य. दोघांची भाषा एक, किन्यारवांडा. धर्म बहुतांशी एक, राहणेही शेजारीशेजारी. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकाला ओळखपत्र दिले आणि त्यावर तो हुतू की तुत्सी हे छापले. पुढे हीच नोंद अनेकांच्या मरणाची चिठ्ठी ठरली. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडण्यात आले आणि त्या रात्रीपासून सुमारे शंभर दिवस हत्याकांड चालले. आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते आणि या संहाराला विरोध करणारे हुतूही होते. रस्त्यावर नाके उभारून ओळखपत्रे तपासली जात.

८ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ९५५ अन्वये न्यायाधिकरण स्थापन केले. त्याचे कामकाज शेजारच्या टांझानियात आरुशा या गावी चालले. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि अंतर्गत युद्धातील नियमांचा भंग, असे तीन प्रकारचे गुन्हे त्याच्या कक्षेत होते.

यापैकी वंशसंहार या गुन्ह्याची व्याख्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. ९ डिसेंबर १९४८ च्या कराराप्रमाणे राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा संपूर्ण अथवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली पाच कृत्ये यात येतात : गटातील व्यक्तींची हत्या, त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा, गटाचा विनाश घडेल अशी जीवनपरिस्थिती लादणे, गटातील जन्म रोखण्याचे उपाय, आणि गटातील मुले बळजबरीने दुसऱ्या गटात नेणे. म्हणजे एकही मनुष्य न मारता वंशसंहार होऊ शकतो. गुन्ह्याचा गाभा कृत्यात नसून ‘या गटाचा नाश करावा’ या विशिष्ट हेतूत आहे. मात्र १९४८ पासून १९९८ पर्यंत पन्नास वर्षे हा करार पुस्तकात होता, पण त्याचा अर्थ लावून कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कोणाला दोषी ठरविले नव्हते.

खटल्याची हकीकत

झाँ-पॉल अकायेसू हा ताबा नावाच्या कम्यूनचा बुर्गमेस्त्र होता. कम्यून म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा घटक, आणि बुर्गमेस्त्र म्हणजे त्याचा सर्वाधिकारी. हा गृहस्थ पूर्वी शिक्षक होता, पुढे शाळा तपासनीस झाला. लोकांत त्याला मान होता. हत्याकांड सुरू झाल्यावर पहिले काही दिवस त्याने आपल्या भागात ते होऊ नये म्हणून प्रयत्नही केले. परंतु १८ एप्रिल १९९४ रोजी हंगामी सरकारची बुर्गमेस्त्रांबरोबर बैठक झाली आणि त्यानंतर त्याचे वागणे पालटले. दुसऱ्याच दिवशी पहाटे जमावापुढे त्याने जे भाषण केले, त्यातून ताब्यातील हत्यांना तोंड फुटले, असे न्यायालयाने पुढे ठरविले. तेथे किमान दोन हजार तुत्सी मारले गेले.

जानेवारी १९९७ मध्ये खटला उभा राहिला. न्यायासनावर सेनेगलचे लाइती कामा हे अध्यक्ष, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन आणि दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्लै असे तिघे होते. त्या वेळी संपूर्ण न्यायाधिकरणात पिल्लै या एकट्याच स्त्री न्यायाधीश होत्या. आरोपपत्रात बारा आरोप होते : हत्या, चिथावणी, छळ. स्त्रियांवरील अत्याचारांचा त्यात उल्लेखही नव्हता.

एक तुत्सी स्त्री साक्षीला आली. साक्षीदारांची नावे गुप्त ठेवण्यात आली होती. नोंदीत तिला केवळ ‘जे’ हे अक्षर आहे. ती हत्यांविषयी सांगण्यासाठी आली होती. बोलता बोलता तिने सांगितले, की वडिलांना मारण्यासाठी आलेल्या तिघा जणांनी तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. फिर्यादी पक्षाने या साक्षीदाराला ज्या कामासाठी बोलाविले होते, ते हे नव्हते. आरोपपत्रात तो आरोपच नसल्यामुळे हे वाक्य नोंदवहीत पडून राहिले असते. परंतु न्यायासनाने तिला पुढे प्रश्न विचारले. त्या प्रश्नांच्या उत्तरात तिने सांगितले, की कम्यूनच्या कचेरीतही तरुण मुलींवर बलात्कार झाल्याचे तिच्या कानी आले होते. ही कचेरी अकायेसूची. पुढे ‘एच’ या साक्षीदाराने आपल्यावर ज्वारीच्या शेतात झालेला अत्याचार सांगितला आणि कचेरीच्या आवाराबाहेर इतर स्त्रियांवर झालेला स्वतः पाहिल्याचे सांगितले.

येथे एक तपशील फार महत्त्वाचा आहे. ‘एच’ हिने प्रथम सांगितले, की हे घडत असताना अकायेसू तेथे हजर होता आणि त्याने ते थांबविले नाही. न्यायासनाने तिला विचारले, हे चालले आहे याची आरोपीला जाणीव होती काय? तेव्हा ती म्हणाली, ते मला माहीत नाही. पण हे कचेरीपाशी घडले आणि स्त्रिया तेथे आहेत हे त्याला ठाऊक होते. पुन्हा विचारल्यावर तिने सांगितले, की एका प्रसंगी तो हजर होता, मात्र त्याने पाहिले असे मी खात्रीने सांगू शकत नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. न्यायाधीशांच्या प्रश्नामुळे अत्याचार उजेडात आला हे खरे. पण न्यायाधीशांच्याच प्रश्नामुळे आरोपीला उपयोगी पडेल असे उत्तरही नोंदीवर आले. न्यायाधीशाचा प्रश्न आणि वकिलाचा प्रश्न यांतील अंतर हेच. वकील आपल्याला हवे ते उत्तर ज्यातून येईल तोच प्रश्न विचारतो. न्यायाधीशाला काय उत्तर येईल हे माहीत नसते आणि कोणतेही आले तरी ते त्याला चालते. ज्याला सत्यच हवे आहे त्याला उत्तराचे भय नाही. लेखाच्या आरंभी जो प्रश्न मांडला, त्याची कसोटी माझ्या मते येथे सापडते.

या साक्षींनंतर फिर्यादी पक्षाने तपास केला आणि आरोपपत्रात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या स्त्री-संघटनांनीही तशी मागणी लेखी मांडली होती. १७ जून १९९७ रोजी तीन नवे आरोप जोडले गेले. बाहेरच्या दबावामुळे हे आरोप आले, असा बचाव पक्षाने आक्षेप घेतला. न्यायालयाने तो फेटाळला. आरोपीने नवे आरोप नाकबूल केले आणि ऑक्टोबरात कामकाज पुन्हा सुरू झाले. मग एकामागून एक स्त्रिया पुढे आल्या. ज्या गोष्टी त्यांनी शेजारणीलाही सांगितल्या नव्हत्या, त्या त्यांनी परक्या देशात, परक्या न्यायाधीशांपुढे सांगितल्या. आपण वाचलो ते लाज झाकण्यासाठी नव्हे, एवढे त्यांच्या धैर्यावरून दिसते.

२ सप्टेंबर १९९८ रोजी निकाल लागला. पंधरा आरोपांपैकी नऊ सिद्ध झाले, सहा सिद्ध झाले नाहीत. २ ऑक्टोबरला जन्मठेप सुनावण्यात आली आणि १ जून २००१ रोजी अपील फेटाळले गेले. खटला चालवून वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला हा जगातील पहिला दोषनिर्णय. अकायेसूने स्वतः कोणावर बलात्कार केला असा निष्कर्ष नव्हता. आपल्या अधिकाराच्या जागी, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या शब्दांनी त्याने त्या कृत्यांना उत्तेजन व आधार दिला, म्हणून तो दोषी ठरला.

निकालातील तीन मुद्दे

पहिला मुद्दा गटाचा. हुतू आणि तुत्सी यांची भाषा, धर्म, संस्कृती एकच असेल, तर तुत्सी हा करारातील चार गटांपैकी कोणता? न्यायालयाने कराराच्या पूर्वतयारीचे कागद पाहून असे म्हटले, की जन्माने ज्यात प्रवेश होतो आणि जो सहज सोडता येत नाही, अशा स्थिर व कायम गटांना संरक्षण देणे हा कराराचा उद्देश आहे. तुत्सी हा तसा गट होय. हे विवेचन पुढच्या न्यायालयांनी जसेच्या तसे उचलले नाही. परंतु माणसाची जात किंवा वंश कागदावर छापला की तो खरा ठरतो, ही गोष्ट या चर्चेतून स्पष्ट झाली.

दुसरा मुद्दा बलात्काराच्या व्याख्येचा. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कायद्यात अशी व्याख्या नव्हती. न्यायालयाने शरीराच्या अवयवांची यांत्रिक यादी करण्याचे टाळले आणि असे म्हटले, की दडपणाच्या परिस्थितीत एखाद्या व्यक्तीवर केलेले लैंगिक स्वरूपाचे शारीरिक आक्रमण म्हणजे बलात्कार. दडपण म्हणजे दर वेळी सुरा उगारलाच पाहिजे असे नाही. सशस्त्र टोळ्यांच्या वेढ्यात सापडलेल्या निर्वासित स्त्रीच्या बाबतीत ती परिस्थितीच दडपण असते. आणि गटाचा नाश करण्याच्या हेतूने असे कृत्य केले, तर ते गंभीर शारीरिक व मानसिक इजा या सदरात येऊन वंशसंहार ठरते. न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात बलात्काराचा आरोप ठेवला गेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे मोल कळते.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि मराठी व कन्नड अशा दोन विभागांच्या या अंकात तो विशेष सांगण्यासारखा आहे. साक्षीदार किन्यारवांडात बोलत. त्याचे फ्रेंच होई, फ्रेंचवरून इंग्रजी होई. किन्यारवांडात बलात्कारासाठी स्त्रिया निरनिराळे शब्द वापरीत. काही शब्द केवळ शय्या करणे एवढ्याच अर्थाचे, काही बळजबरी स्पष्ट सांगणारे. दुभाषी कधी एक, कधी दुसरा प्रतिशब्द देत. न्यायालयाने भाषातज्ज्ञाची साक्ष घेऊन या शब्दांचे अर्थ निश्चित केले. ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळ, हा शब्द त्या काळात तुत्सींसाठी कसा वापरला गेला, याचीही चर्चा निकालपत्रात आहे. शिवाय दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगण्याची रीत, तारखा आणि अंतरे यांविषयीचा सैलपणा, आडवळणाने उत्तर देण्याची सवय, या गोष्टी खोटेपणाच्या खुणा मानू नयेत, असेही न्यायालयाने नमूद केले. आपल्या सीमाभागात साक्षीदार एका भाषेत बोलतो, नोंद दुसऱ्या भाषेत होते आणि निकाल कित्येकदा तिसऱ्या भाषेत लिहिला जातो. ‘त्याने माझी अब्रू घेतली’ या वाक्याचे भाषांतर काय करावयाचे? उद्या वकील होणाऱ्या विद्यार्थ्याने या निकालाचा हा भाग अवश्य वाचावा.

आपल्याकडचा आरसा

आपल्या कायद्याशी तुलना केल्यास विषय अधिक स्पष्ट होईल. भारतीय न्यायाधीशाला कोणत्याही साक्षीदारास कोणत्याही वेळी प्रश्न विचारण्याचा अधिकार पुरावा अधिनियमाच्या कलम १६५ ने दिला होता. आता तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १६८ मध्ये आहे. निकाल देण्यापूर्वी केव्हाही आरोप बदलण्याचा किंवा वाढविण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २१६ खाली होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३९ खाली आहे. आरुशाच्या न्यायालयाला आरोप स्वतः वाढविता येत नव्हता; अभियोक्त्याने मागणी करावी आणि न्यायालयाने परवानगी द्यावी, अशी पद्धत होती. म्हणजे या बाबतीत आपल्या सत्र न्यायाधीशाचे अधिकार अधिक आहेत. ते वापरले किती जातात, हा वेगळा प्रश्न.

दडपणाच्या परिस्थितीविषयीही आपल्याकडे एक कटू अनुभव आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, तेव्हा संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. रात्री पोलीस ठाण्यात सापडलेली गरीब मुलगी गप्प राहिली, म्हणजे तिने होकार दिला काय, हा त्यांचा सवाल होता. त्यातून आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद आली. ताब्याच्या कचेरीबाबत १९९८ मध्ये जे म्हटले गेले, तेच सूत्र पंधरा वर्षे आधी आपल्या कायद्याने, मर्यादित क्षेत्रात का होईना, स्वीकारले होते. अध्यापकांनी लिहिलेल्या पत्रानेही कायदा बदलतो, हे महाविद्यालयीन अंकात सांगण्यासारखे आहे.

एका बाबतीत मात्र आपण मागे आहोत. वंशसंहाराचा करार भारताने १९५९ मध्ये कायम केला, पण या गुन्ह्यासाठी देशात स्वतंत्र कायदा आजही नाही, आणि कायम आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्यही नाही.

न्यायाधीशाचाही न्याय होतो

पिल्लै १९९९ ते २००३ या काळात न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष होत्या. ३ डिसेंबर २००३ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने आणखी एक गाजलेला निकाल दिला. एका रेडिओ केंद्राचे दोन संस्थापक आणि एका नियतकालिकाचा संपादक यांना वंशसंहार व त्याची चिथावणी याबद्दल दोषी ठरविण्यात आले. न्यूरेंबर्गमध्ये १९४६ साली यूलियस श्ट्राइखर या संपादकाला शिक्षा झाल्यानंतर शब्दांच्या गुन्ह्याचा असा विचार प्रथमच झाला. परंतु २८ नोव्हेंबर २००७ रोजी अपिलात या निकालाचा बराच भाग बदलला. कटाचा आरोप टिकला नाही, शिक्षा कमी होऊन तीस, बत्तीस आणि पस्तीस वर्षांवर आल्या. द्वेषाचे भाषण आणि संहाराची प्रत्यक्ष चिथावणी यांतील रेषा अधिक काटेकोर आखली गेली. यात कमीपणा काही नाही. आपला निकाल वरच्या न्यायालयाने तपासावा आणि आवश्यक तेथे खोडावा, हे न्यायाधीशाने मान्य केलेलेच असते.

न्यायाधिकरणावर टीकाही पुष्कळ झाली. काम फार संथ चालले, खर्च अफाट झाला, आणि विजयी ठरलेल्या तुत्सी सैन्याच्या बाजूने झालेल्या हत्यांचा एकही खटला तेथे उभा राहिला नाही. जेत्यांचा न्याय हा जो आक्षेप पाल यांनी टोकियोत घेतला होता, त्याची छाया आरुशावरही पडली, हे मान्य केले पाहिजे. मात्र २०१५ अखेर हे न्यायाधिकरण बंद झाले तेव्हा ९३ जणांवर आरोप ठेवले गेले होते आणि त्यांपैकी १४ जण निर्दोष सुटले होते. ज्या न्यायालयातून माणूस सुटूही शकतो, तेच खरे न्यायालय.

पुढे पिल्लै हेग येथील कायम फौजदारी न्यायालयाच्या पहिल्या अठरा न्यायाधीशांत निवडल्या गेल्या. त्यांत सात स्त्रिया होत्या. २००८ ते २०१४ या काळात त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त होत्या. २०२१ ते २०२५ या काळात पॅलेस्टाइन व इस्राएलविषयक चौकशी आयोगाच्या त्या अध्यक्ष होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये या आयोगाने गाझामध्ये वंशसंहार झाल्याचा निष्कर्ष काढला. इस्राएलने तो साफ नाकारला. येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तेथे आरोपी पिंजऱ्यात नसतो, उलटतपासणी होत नाही, आयोगाचा निष्कर्ष म्हणजे दोषनिर्णय नसतो. व्यक्ती तीच असली, तरी आसन बदलले की शब्दाचे वजन बदलते.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. जिने वर्णभेदाचा अन्याय स्वतः सोसला, घरातल्या छळाला कंटाळलेल्या स्त्रियांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ऐकली, ती न्यायासनावर तटस्थ राहू शकेल काय? तटस्थता म्हणजे अनुभवशून्यता, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. अनुभव नसलेल्या न्यायाधीशाला ‘जे’ हिच्या त्या एका वाक्यात पुढे विचारण्यासारखे काही आहे, हे कदाचित लक्षातही आले नसते. अनुभवाने प्रश्न सुचतो. तटस्थतेची कसोटी लागते ती त्यानंतर, उत्तर ऐकताना. ‘त्याने पाहिले असे मी सांगू शकत नाही’ हे उत्तर न्यायासनाने जसेच्या तसे निकालपत्रात उतरविले, यात त्या तिघांची न्यायबुद्धी दिसते.

आरोपपत्र कितीही काळजीपूर्वक लिहिले, तरी ते लिहिणाऱ्याला जेवढे दिसले तेवढेच त्यात असते. बारा आरोप लिहिणाऱ्यांनी काही मुद्दाम लपविले नव्हते. त्यांना ते विचारावेसे वाटले नाही, इतकेच. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. आपल्यापैकी काही विद्यार्थी उद्या वकील होतील, काही न्यायाधीश होतील, काही तलाठी, शिक्षक, डॉक्टर होतील. प्रत्येकासमोर कधीतरी एखादी ‘जे’ येऊन बसेल आणि दुसऱ्याच कामाविषयी बोलता बोलता एखादे वाक्य बोलून जाईल. तेव्हा हातातला कागद क्षणभर बाजूला ठेवून ‘पुढे काय झाले?’ एवढे विचारण्याचे भान आपल्याला राहावे, यासाठी हा लेखनप्रपंच.